आमच्या वाडीत फाइव्हजी आलं का? दीड वर्ष वहीत नोंदी ठेवून लिहिलेला रिव्ह्यू

सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या एसटी स्टँडवर उतरलो की माझ्या फोनवर ३०० एमबीपीएसच्या वर स्पीड येतो, आणि तिथून बारा किलोमीटर आत आमच्या वाडीत ओट्यावर बसलं की आईला आलेला नातवाचा फोटो गोल गोल फिरत राहतो, उघडतच नाही. म्हंजे परवापर्यंत असं होतं. ह्या बारा किलोमीटरचा हा रिव्ह्यू आहे.

कंपन्यांची नावं घेत नाही. घरात दोन सिम आहेत दोन वेगळ्या कंपन्यांची, एक माझं एक आबांचं, आणि माझा अनुभव असा की जी कंपनी आमच्या खोऱ्यात रडवते तीच डोंगरापलीकडं मावशीच्या गावात झकास चालते, त्यामुळे नाव वाचून कोणी सिम बदलायला जाऊ नये. स्वतःच्या घरात तपासा. कसं तपासायचं तेच सांगणारे, कारण ते शिकायला मला बराच वेळ गेला.

सुरुवात झाली जून २०२४ ला. लावणीला गावी आलो होतो, वर्क फ्रॉम होम घेऊन, सकाळी चिखलात आणि दुपारी मीटिंगला असा बेत. पहिल्याच मीटिंगला चार वेळा कट झालो. त्याच आठवड्यात गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की आपल्याकडं फाइव्हजी आलं, खाली पन्नास टाळ्या आणि फुलं. मी ओट्यावरून, अंगणातून, गोठ्याच्या मागून सगळीकडून बघितलं, कुठंच नाही. ज्याने टाकलं त्याला फोन केला तर तो म्हणाला अरे पाटणला आलंय ना, म्हंजे आपल्याकडंच की. तेव्हा डोक्यात आलं की ‘आलं’ म्हंजे नक्की कुठं आलं हे आपण कोणी विचारतच नाही.

देशपातळीवर बघितलं तर काम प्रचंड वेगात झालंय, ते मान्य केलंच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत पंतप्रधानांनी सुरू केलं, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत आपली मुंबई आणि नागपूर होती, जिओने दसऱ्यापासून मुंबईसकट चार शहरांत चाचणी सुरू केली, व्हीआयचं मार्च २०२५ ला मुंबईतून सुरू झालं. २०२५ च्या सुरुवातीला सरकारी आकडा होता की ७७६ पैकी ७७३ जिल्ह्यांत फाइव्हजी पोचलं. आकडा खरा आहे, पण जिल्हा मोजला गेला म्हंजे त्यातली प्रत्येक वाडी मोजली गेली असं नाही ना. सातारा शहरात आलं की सातारा जिल्हा झाला. आमचा पाटण तालुका म्हंजे नुसते डोंगर, खोरी, मधे कोयना नदी, वर पवनचक्क्यांची पठारं, एका सोंडेच्या ह्या बाजूला रेंज आणि त्या बाजूला शून्य, इथं जिल्ह्याचा आकडा काय कामाचा.

आता नकाशाकडं येतो. ट्रायने, म्हंजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ च्या नियमात कंपन्यांना सांगितलं की कुठं टूजी, कुठं फोरजी, कुठं फाइव्हजी आहे त्याचा नकाशा आपापल्या वेबसाइटवर टाका, आणि एप्रिल २०२५ पासून ते नकाशे दिसायला लागले. ही फार चांगली गोष्ट झाली, मनापासून सांगतो, त्याआधी कस्टमर केअरला विचारायचं आणि तो म्हणेल ते ऐकायचं एवढंच हातात होतं. आता गाव टाका, झूम करा, रंग बघा. पण मी आमची वाडी बघितली तर एका कंपनीच्या नकाशात पूर्ण वाडी रंगवलेली, अगदी मागच्या ओढ्यापर्यंत, जिथं उभं राहिलं तर साधा कॉल पण लागत नाही. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात सोंडेमागं पांढरा तुकडा सोडलेला, जे खरं आहे. मला तो पांढरा तुकडा बघून बरं वाटलं, निदान खरं तरी सांगतायत. असा नकाशा बहुतेक करून टॉवरची उंची, ताकद, जमिनीचा चढउतार असं सगळं घालून कॉम्प्युटरवर काढतात, कोणी वाडीत येऊन मोजत नाही, आणि तो रंग उघड्यावरचा असतो. आमच्या घराच्या भिंती दगडी, दीड हात जाड, वर पत्रा. माजघरात त्या रंगाला काही अर्थ उरत नाही. नकाशाला पाचपैकी अडीच.

मग मी स्वतः मोजायला लागलो. आधी नुसता स्पीडटेस्ट मारायचो पण त्याने काहीच कळत नाही, एकदा ४० येतो एकदा ४, कारण संध्याकाळी सगळी पोरं रील बघत बसलेली असतात. खरी माहिती आत असते. अँड्रॉइडवर डायलपॅडवर स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार दाबलं की बऱ्याच फोनवर एक मेनू उघडतो, त्यात सिग्नलचा आकडा दिसतो. त्याहून सोपं म्हंजे नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर हे अ‍ॅप. मी नेटमॉन्स्टर वापरतो, फुकट आहे, आणि ह्याला माझे पाचपैकी पाच, कारण आपण कुठल्या टॉवरवर, कुठल्या बँडवर (म्हंजे लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर) आहोत हे सरळ समोर मांडतं. सिग्नलचा आकडा उणेमधे असतो, शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. माझ्या वहीप्रमाणं उणे ८५ च्या आसपास असेल तर सगळं मस्त, १०५ पर्यंत धकतं, ११५ च्या खाली गेलं की आवाज तुटायला लागतो आणि समोरचा हॅलो हॅलो करतो. काड्या किती आहेत ते बघूच नका, प्रत्येक फोन काड्या आपल्या मनाने दाखवतो. काही फोनवर तर फाइव्हजीचं चिन्ह दिसतं आणि प्रत्यक्षात डेटा फोरजीवरूनच चाललेला असतो, चिन्ह फक्त एवढंच सांगतं की ह्या टॉवरला ती सोय आहे.

दुसरं बघायचं ते बँड. फाइव्हजीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, अ‍ॅपमधे एन ७८ असं लिहून येतं. स्पीड जबरदस्त पण लांब जात नाही आणि भिंत, झाडी, डोंगर आला की दमतो. खालचा ७०० मेगाहर्ट्झचा, एन २८, तो लांब जातो, घरात शिरतो, पण स्पीड कमी. २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा एकट्या जिओने घेतला होता. खेड्यातल्या माणसाने नवीन फोन घेताना हे दोन्ही बँड आहेत का ते विचारायलाच पाहिजे, दुकानदार नुसतं फाइव्हजी आहे म्हणून सांगतो, पण कुठल्या बँडचं ते बॉक्सवर नाहीतर कंपनीच्या साइटवर बघा.

तर माझी वही. दोनशे पानी, शाळेची, वर पोराचं नाव खोडून वापरतोय. तारीख, वेळ, जागा, सिम, बँड, सिग्नल, स्पीड असे रकाने. जागा ठरलेल्या सात: पाटण स्टँड, खिंड, पूल, गावातली शाळा, आमचा ओटा, माजघर, आणि वर पाण्याची टाकी. टाकी का, तर आमच्या वाडीत फोन लावायचा म्हंजे टाकीवरच जायचं, पंधरा वर्षं तेच चाललंय. टाकीच्या पायरीवर बसून बसून ती जागा गुळगुळीत झालीये, तिथं शेजारच्या काकूंनी पोरीच्या सासरचे फोन केलेत, पोरांनी बारावीचे निकाल बघितलेत, लाडकी बहीणच्या फॉर्मला तर बायका ओळीने उभ्या होत्या, ओटीपी यायचा आणि घरून टाकीवर चढेपर्यंत त्याची वेळ संपायची. मग एकीने युक्ती काढली, सगळ्यांचे फोन एका पाटीत घालून टाकीवर नेऊन ठेवायचे आणि वरूनच फॉर्म भरायचा.

नोंदी केल्यावर चित्र स्पष्ट झालं. स्टँडला एन ७८, सिग्नल उणे ७०, ३०० च्या वर. खिंडीपर्यंत फाइव्हजी टिकतो. खिंड ओलांडली की एका वळणात जातो, अक्षरशः गाडीचं तोंड वळलं की गेला, आणि पुढं फोन फोरजीच्या खालच्या पट्ट्यावर येऊन बसतो. शाळेपाशी बरा, ओट्यावर उणे ११२, माजघरात नो सर्व्हिस. आमच्या गावठाणातला टॉवर वाडीपासून अडीच किलोमीटर आहे आणि मधे डोंगराची सोंड आडवी.

त्या टॉवरवर मी लक्ष ठेवायला लागलो. ह्यात एक गोष्ट शिकलो ती सगळ्यांना उपयोगी आहे: फाइव्हजी येणार हे आधी टॉवरकडं बघून कळतं. जुने अँटेना लांबट असतात, माणसाच्या उंचीच्या पट्ट्या उभ्या बांधल्यासारखे. फाइव्हजीचा आखूड आणि जाड असतो, डबा बसवल्यासारखा, पत्र्याच्या छोट्या पेटीएवढा. डिसेंबर २०२४ ला आलो तर तीन बाजूंना तीन डबे बसलेले दिसले. इतका आनंद झाला की काय सांगू, गाडी थांबवून फोटो काढले, आबा म्हणाले टॉवरचे कसले फोटो काढतोस. फेब्रुवारीत चिन्ह आलं. शाळेपाशी फोनवर ५जी, सिग्नल उणे ८२, एकदम दणदणीत. आणि स्पीड किती, तर सहा. सहा एमबीपीएस. फोरजीला पण तेवढाच.

मला वाटलं माझा फोन गेला. मग टॉवरवर काम करणारा एक टेक्निशियन भेटला, दुचाकीवर मागं केबलचं भेंडोळं, कराडकडचा पोरगा, आमच्याकडं चहा प्यायला बसला आणि त्याने नीट समजावलं. टॉवरवर ढोलकीसारखी गोल पांढरी डिश दिसते ना, म्हणाला, सगळा डेटा तिच्यातून समोरच्या टॉवरला जातो. नळ कितीही मोठा बसवा, मागची पाइप अर्ध्या इंचाची असेल तर पाणी तेवढंच येणार. तुमच्या टॉवरला फायबर, म्हंजे जमिनीतून येणारी काचेच्या तारेची केबल, आली की बघा. मी त्याला हज्जारदा विचारलं कधी येणार, तो हसून म्हणाला रस्त्याच्या कडेला चर खणताना दिसली की समजा.

शिमग्यानंतर खरंच चर खणायला लागली. नारंगी पाइप टाकत टाकत मेपर्यंत गावात आले. पाऊस सुरू व्हायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी शाळेपाशी टेस्ट मारली, २२० आला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद. त्याच दिवशी ओट्यावर, जिथं फाइव्हजी अजूनही पोचत नाही, फोरजीवर २१ आला. संध्याकाळी सात वाजता, सगळी वाडी फोनवर असताना. आधी तिथं त्या वेळेला दीड-दोन यायचा. सिग्नल तोच उणे ११२, फोन तोच, सिम तेच, फक्त टॉवरच्या मागची पाइप बदलली. आईने नातवाला व्हिडिओ कॉल लावला, अर्धा तास चालला, मधे तुटला नाही. आबांचा फोन तर अजून फोरजीचाच आहे, सात हजारवाला, त्यांना पण तेवढाच फायदा झाला.

म्हणून माझं ठाम मत झालंय की खेड्यात फाइव्हजीची जाहिरात बघू नका, फायबर बघा. ग्रामसभेत विषय काढायचा असेल तर आम्हाला फाइव्हजी पाहिजे असं न म्हणता आमच्या टॉवरला फायबर कधी आणि बॅटरी किती तासाची असं विचारा. फाइव्हजी त्याच्या मागोमाग येतोच.

बॅटरीचं आता सांगतो, कारण खरा राग तिथं आहे. जुलैत पावसाने जोर धरला, आमच्याकडं लाईट जाते ती दोन दोन दिवस येत नाही, तारेवर झाड पडतं, लाइनमनला चिखलातून जायला रस्ता नसतो, ते आम्ही समजून घेतो. पण लाईट गेल्यावर टॉवर दोन अडीच तासांत बंद. जनरेटर आहे, कुंपणात उभा आहे, डिझेल नाही. त्यात एकदा जेसीबीने गटार काढताना नवीन फायबर तोडली, चार दिवस सगळं गप्प. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागेना, लोक पिशव्या घेऊन परत गेले. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप निदान फोटो ठेवून घेतं आणि नेट आल्यावर पाठवतं म्हणून ते तरी निभावलं.

आणि एका रात्री हादरा बसला. कोयनेच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आबांनी लहानपणी बघितलाय, पहाटेचा, अजून सांगताना आवाज बदलतो त्यांचा. छोटे हादरे बसतच असतात, भांडी वाजतात, आम्ही बाहेर येऊन उभं राहतो. पण बाहेर असलेल्या प्रत्येकाची पहिली गोष्ट काय, तर घरी फोन. मी तेव्हा पुण्यात होतो. फोन लावला, स्विच ऑफ. पुन्हा लावला, आउट ऑफ कव्हरेज. चाळीस मिनिटं. काही झालं नव्हतं, लाईट नव्हती म्हणून टॉवर बंद होता एवढंच, पण ती चाळीस मिनिटं मी किचनच्या ओट्याला धरून उभा होतो. त्या रात्री मला २२० नको होते. एक रिंग वाजायला पाहिजे होती.

तक्रार केली का, तर केली. पहिल्यांदा कस्टमर केअरने सांगितलं फोन बंद करून चालू करा, नेटवर्क रीसेट करा, तुमच्या भागात सेवा सुरळीत आहे. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा मी वही समोर घेऊन बसलो आणि वाचूनच दाखवलं: ह्या तारखेला इतक्या वाजता, हा सेल आयडी, हे अक्षांश रेखांश, इतके तास बंद. समोरची बाई एकदम थांबली आणि म्हणाली सर मी टेक्निकलला देते. त्यांचा निकाल पटला नाही तेव्हा तक्रारीचा नंबर घेऊन कंपनीच्याच अपील विभागाला लिहिलं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की तक्रारीच्या वर अपील करता येतं आणि त्याला तीस दिवसांची मुदत असते. तीन आठवड्यांनी बॅटऱ्या बदलल्या. आता लाईट गेल्यावर सहा तास चालतो, मी घड्याळ लावून बघितलंय. सहा तास पुरेसे नाहीत आमच्या पावसाला, पण अडीचपेक्षा बरे.

टॉवर कुणाचा, जवळ कुठला, हे शोधायला दूरसंचार खात्याचं तरंग संचार पोर्टल बघा, २०१७ पासून आहे. मुळात ते टॉवरच्या रेडिएशनची माहिती द्यायला काढलंय, पण नकाशावर आपल्या आजूबाजूचे टॉवर कळतात. आमच्याकडं दोन जण टॉवरच्या रेडिएशनला घाबरून विरोध करत होते, त्यांना पण तेच दाखवलं, नियमात आहे की नाही ते तिथं बघता येतं आणि पैसे भरून मोजणी पण मागता येते.

खर्चाचं थोडक्यात. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून दोन्ही मोठ्या कंपन्यांत अनलिमिटेड फाइव्हजी साधारण रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनला मिळतो. ज्याच्या घरात फाइव्हजी पोचतच नाही त्याने त्यासाठी जास्तीचे पैसे का भरावेत, आबांना मी खालचा प्लॅन टाकून देतो. माझा मोठा आहे कारण पुण्यात लागतो.

आजची परिस्थिती सांगून थांबतो. शाळेपाशी पाचपैकी साडेचार, पोरं तिथं कट्ट्यावर बसून क्लासचे व्हिडिओ उतरवून घेतात. ओट्यावर साडेतीन. माजघरात अजून शून्यच, त्याला उपाय म्हणून खिडकीत जुना फोन हॉटस्पॉट करून ठेवलाय आणि घरातले फोन वायफाय कॉलिंगवर टाकलेत, चालतंय चांगलं, आईला आता फोन आला की बाहेर पळावं लागत नाही. लाईट गेल्यावरची सेवा अडीच, ह्याच्यावर एक पण जास्त देणार नाही.

वरच्या धनगरवाड्यावर, आमच्यापासून तासाभराची चढण, अजून काहीच नाही, दोन्ही सिम मेलेली, आणि तिथं अकरा घरं आहेत. एका नकाशात तो भाग पण रंगवलेला आहे. पुढच्या खेपेला वही घेऊन वर जाणार, प्रत्येक घरापाशी नोंद घेणार आणि त्याच अपील विभागाला पाठवणार. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या मागच्या बाजूला कोणी असं मोजत असेल तर कृपया जागा आणि बँड दोन्ही लिहून ठेवा, नुसता स्पीड लिहिला तर समोरचा ऐकत नाही.